गोठ्यावरून थेट निरसं दूध आणायचंय? कायदा, बर्फ आणि पातेलं

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं उत्तर कशाला आहे ते कळेल. बोरिवलीच्या एका सोसायटीतल्या सात-आठ कुटुंबांना पालघरजवळच्या एका गोठ्यावरून रोज वीस लिटर गाईचं दूध थेट मागवायचं आहे. शेतकरी तयार आहे. पण सोसायटीतल्या एका गृहस्थांनी ‘पाश्चराइज न केलेलं (ठरावीक तापमानाला तापवून जंतू न मारलेलं) दूध विकणं बेकायदा आहे’ म्हणत खोडा घातलाय. विचारणाऱ्या ताईंना तीन गोष्टी हव्यात: कायदा काय म्हणतो, दूध चांगलं आहे हे कसं ओळखायचं, आणि ते न तापवता प्यायलं तर चालेल का. वर त्यांनी असंही लिहिलंय की परदेशात लोक कच्च्या दुधासाठी कोर्टात भांडतात, मग आपणच गप्प का? घरात चार वर्षांचं मूल आणि सत्तरीच्या सासूबाई आहेत.

यात दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेत. कच्चं दूध विकत घेणं हा एक आणि कच्चं दूध पिणं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘खुशाल घ्या’ आहे. दुसऱ्याचं, तुमच्या घरात तरी, ‘नको’ आहे. आणि या दोन्हींपेक्षा मोठा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही: गाईच्या कासेपासून तुमच्या पातेल्यापर्यंत ते दूध किती वेळ आणि किती तापमानाला राहणार? बहुतेक रतीब इथेच बिघडतात.

कायद्याचं आधी उरकू. भारतात न तापवलेलं सुटं दूध विकायला बंदी नाही. मुंबईत गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यांतून रोज सकाळी सायकलवर आणि मोटारसायकलवर जे दूध निघतं ते कच्चंच असतं. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, तो प्रत्यक्ष लागू झाला २०११ मध्ये. त्याच्या कलम १८ मध्ये शेतकऱ्याला त्याच्या शेताच्या पातळीवर सूट आहे. पण तो दूध घेऊन तुमच्या दारात विकायला लागला की त्याने विक्रेता म्हणून नोंदणी करावी हेच सरळ. दिवसाला ५०० लिटरपर्यंत दूध हाताळणाऱ्या छोट्या माणसाला लायसन्सची गरज नाही, साधी नोंदणी पुरते, आणि ती ऑनलाइन होते. नोंदणीचा नंबर १४ आकडी असतो. नोंदणीचा २ ने सुरू होतो, लायसन्सचा १ ने. शेतकऱ्याकडून नंबर मागून घ्या आणि एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर टाकून बघा. नाव-पत्ता जुळला की सोसायटीतल्या गृहस्थांना दाखवायला कागद झाला.

नोंदणी आहे म्हणजे दूध चांगलं, असा मात्र त्याचा अर्थ नाही. माणूस सापडण्याची सोय आहे, इतकंच.

एक गोम तुमच्या बाजूलाही आहे. कायद्यातली अन्नव्यवसायाची व्याख्या नफा असो वा नसो, दोन्हींना धरते. सोसायटीतल्या एकीने वीस लिटर स्वतःच्या नावावर घेतलं, घरी मापून वाटलं आणि महिन्याला पैसे गोळा केले, तर वितरक तीच झाली. पुढे कुणाच्या मुलाला जुलाब लागले की बोट तिच्याकडेच दाखवलं जाणार. म्हणून प्रत्येक कुटुंबाने थेट शेतकऱ्याकडून घ्यावं, पैसेही थेट त्याच्याच खात्यात जावेत, आणि दूध प्रत्येकाच्या आपापल्या झाकणाच्या कॅनमध्ये किंवा बाटलीत गोठ्यावरूनच भरून यावं. गेटवर मापाने ओतून वाटायचं नाही. हे कायद्यासाठी जितकं बरं, तितकंच स्वच्छतेसाठीही. माप दर वेळी दुधात बुडतं आणि दर वेळी कुणाचा तरी हात त्याला लागतो.

आता परदेशाचं. कॅनडात कच्च्या दुधाची विक्री बंद आहे, स्कॉटलंडमध्ये १९८३ पासून बंद आहे. अमेरिकेत राज्याबाहेर विक्री १९८७ पासून संघराज्याच्या नियमाने बंद आहे आणि राज्याच्या आत काय चालेल ते प्रत्येक राज्य ठरवतं. तिथलं भांडण म्हणूनच आहे, कारण तिथे घरी दूध कुणी तापवत नाही. फ्रिजमधून काढलं की थेट ग्लासात. आपल्याकडे कायदा सैल राहू शकला, कारण आपला पाश्चरायझर घराघरातल्या गॅसवर आहे. जर्मनीत शेतकरी गोठ्यावरून कच्चं दूध विकू शकतो, पण ‘पिण्यापूर्वी उकळा’ अशी पाटी त्याला लावावीच लागते. आपल्या आज्यांनी ही पाटी न वाचताच पाळली. म्हणजे तिकडचे लोक जे मागताहेत ते आपल्याला आधीच मिळालेलं आहे, आणि ते पातेल्याच्या भरवशावर मिळालेलं आहे. पातेलं काढून घेतलंत तर संरक्षण म्हणून दुसरं काही उरत नाही.

आता वेळ आणि तापमान. कासेतून दूध निघतं तेव्हा ३७-३८ अंश असतं. ताज्या दुधात जंतूंना रोखून धरणारी थोडी स्वतःची ताकद असते, पण आपल्या हवेत ती दोन-तीन तासांत संपते. त्यानंतर तीस अंशांच्या आसपास जंतू साधारण अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होतात. पाच अंशांना हीच वाढ इतकी मंदावते की दुप्पट व्हायला अनेक तास लागतात. पालघरला पहाटे पाचला धार काढली, कॅन लोकलच्या लगेजच्या डब्यात चढला आणि आठ-साडेआठला तुमच्या गेटवर आला, तर गार न करता आणलेलं दूध नेमकं बिघडण्याच्या तोंडावर पोचतं. गाडी तासभर लेट झाली, पावसात रुळांवर पाणी आलं, की संपलं.

त्यामुळे शेतकऱ्याशी पहिली बोलणी भावाची करू नका, बर्फाची करा. वीस लिटर दूध ३५ अंशांवरून ५ वर आणायला हिशोबाने सात किलोच्या आसपास बर्फ वितळावा लागतो. बाहेरची उष्णता, टबाची उष्णता धरली तर दहा किलो धरा. बर्फ दुधात घालायचा नाही, दुधाच्या कॅनभोवती घालायचा. टबात बर्फ आणि पाणी दोन्ही हवं. नुसते बर्फाचे खडे कॅनला जेमतेम चार ठिकाणी टेकतात, पाण्यामुळे थंडावा सगळीकडून लागतो. पाण्याची पातळी आतल्या दुधाच्या पातळीच्या वर हवी. आणि दूध दर पाच मिनिटांनी लांब दांड्याच्या स्वच्छ स्टीलच्या ढवळणीने हलवायचं. न हलवता ठेवलेल्या चाळीस लिटरच्या कॅनमध्ये कडेचं दूध गार लागतं आणि मधलं तासभरानंतरही कोमट असतं. वरवर हात लावून ‘थंड झालं’ म्हणणारे इथे फसतात. पाच-पाच लिटरचे चार कॅन केले तर हेच काम निम्म्याहून कमी वेळात होतं. प्रवासात कॅन थर्माकोलच्या किंवा इन्सुलेटेड पेटीत, भोवती पाणी भरून गोठवलेल्या एक लिटरच्या प्लॅस्टिक बाटल्या. वितळल्या तरी पाणी बाटलीतच राहतं.

दुधात थेट बर्फ टाकण्याची सवय मुंबईच्या उन्हाळ्यात सर्रास दिसते, म्हणून जरा जास्त सांगतो. एक तर ते सरळ पाणी घालणं आहे. दुसरं, तो बर्फ कुठल्या पाण्याचा? महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्याव्यतिरिक्तच्या बर्फाला निळसर रंग घालणं बंधनकारक केलं, ते याचसाठी. मासळीच्या गाडीवरचा बर्फ आणि दुधाच्या कॅनमधला बर्फ एकाच कारखान्यातून येऊ नये. कॅनमध्ये तरंगणारा खडा दिसला तर त्या दिवशीचं दूध परत.

गेटवर एक साधा टोचायचा डिजिटल थर्मामीटर ठेवा. दूध हलवून मधोमध मोजा. आठ अंशांच्या खाली असेल तर उत्तम. आठ ते पंधरा असेल तर घ्या, पण लगेच तापवा आणि शेतकऱ्याला विचारा काय झालं. पंधराच्या वर आणि धार काढून तीन तास उलटून गेलेत, तर घेऊ नका. हे आकडे माझ्या कामातले ठोकताळे आहेत, कायद्यातले नव्हेत. पण आकडा ठरलेला असला की रोजचा वाद होत नाही.

काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगायला हवं. शेतकऱ्याकडे गावच्या संकलन केंद्रातला बल्क कूलर (दूध गार ठेवणारी मोठी टाकी) वापरायची सोय असेल तर बर्फाची कटकट संपते. मात्र मग ते एका गोठ्याचं दूध राहत नाही, गावाचं मिसळलेलं दूध होतं. गोठ्यात दोन गाई आहेत की वीस, यानेही फरक पडतो. दोन गाईंत एक आजारी पडली तर तुमचं निम्मं दूध खराब होतं. वीस गाईंत ते पातळ होतं, पण कळतही नाही. आणि पालघरऐवजी गोरेगावच्या आरे दूध वसाहतीतला किंवा जोगेश्वरीचा तबेला धरलात तर अंतर कमी, दूध म्हशीचं, घट्ट, तासाभरात दारात. तिथे प्रश्न वेगळे: दाटीवाटी, शेण-मूत्राचा निचरा, पारडू जवळ नसल्यामुळे पान्हा सुटावा म्हणून दिलं जाणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन. ऑक्सिटोसिन दुधातून तुमच्या अंगात शिरेल ही भीती फारशी खरी नाही, ते पोटात पचून जातं. म्हशीचे मात्र हाल होतात, आणि ज्या गोठ्यात ते रोज टोचलं जातं तिथे बाकीही आडमार्ग चालत असणार असं मी धरून चालतो. शहरातल्या तबेल्यांच्या याच तक्रारींतून आरे वसाहत उभी राहिली. 

गोठ्यावर एकदा तरी जा, आणि धारेच्या वेळी जा. दुपारी अकराला सगळेच गोठे स्वच्छ दिसतात. बघायचं काय? धार काढणारा कास धुतो का, यापेक्षा धुतल्यावर पुसतो का ते बघा. ओल्या कासेवरून घाणीचं पाणी ओघळून सडांवरून थेट बादलीत येतं. त्यापेक्षा कोरडी, नुसती झटकलेली कास परवडली. पुसायला प्रत्येक गाईला वेगळं फडकं हवं. एकाच ओल्या फडक्याने दहा गाई पुसल्या की एकीचा कासदाह (जंतूंमुळे कासेला येणारी सूज) दहाजणींना. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कपड्यावर किंवा वेगळ्या वाटीत काढतात का ते बघा. त्यात गुठळ्या, पाणचट पिवळेपणा दिसला तर ते दूध बादलीत जाता कामा नये. डोळ्यांना न दिसणारा कासदाह पकडायला कपडे धुण्याच्या पावडरीचं तीन टक्क्यांचं द्रावण पुरतं: दूध आणि द्रावण समान, वाटी गोल फिरवायची, शेंबडासारखं घट्ट झालं तर तो सड आजारी. ही चाचणी महिन्यातून एकदा प्रत्येक गाईच्या चारही सडांची करा म्हणावं.

मग विचारायचे प्रश्न. गेल्या वर्षभरात कुठल्या गाईने सहाव्या महिन्यानंतर गाभ टाकला का? टाकला असेल तर ब्रुसेलोसिसची, म्हणजे गाभ पाडणाऱ्या आणि दुधातून माणसालाही होणाऱ्या ब्रुसेला जंतूच्या आजाराची, शंका पहिली. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस दिली का? २०१९ पासूनच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती सरकारी मिळते. टीबीची त्वचेची चाचणी कधी झाली? प्रतिजैविक दिलेल्या गाईचं दूध किती दिवस वेगळं काढता? सडात औषध सोडलं असेल तर साधारण तीन-चार दिवस, पण अचूक आकडा औषधाच्या वेष्टनावर असतो. त्याची वही ठेवतो का? वही नसेल तर तुमच्याकडे एक घरगुती इशारा आहे: विरजण चांगलं असूनही दही लागत नाही. दूध तेच, विरजण तेच, हवा तीच, तरी दोन दिवस पाणीच राहिलं, तर कुठल्या गाईला इंजेक्शन झालंय का ते फोन करून विचारा.

पेंड कुठे ठेवतात तेही पाहा. पावसाळ्यात सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, मक्याचा भरडा यांना बुरशी धरते आणि त्यातलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष दुधात उतरतं. आपल्या मानकात त्याची मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे. उकळून ते जात नाही. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, आणि पावसाळ्यात एका वेळी पंधरवड्यापुरतीच पेंड, एवढं पाळलं तरी बराच धोका टळतो.

आता गेटवरच्या चाचण्या. लॅक्टोमीटर (दुधाची घनता मोजणारी तरंगती काचनळी) घ्या, पण त्याच्यावर आंधळा विश्वास नको. गाईच्या दुधाला २८ ते ३०, म्हशीच्या ३० ते ३२ वाचन यावं. बहुतेक लॅक्टोमीटर २७ अंश तापमानासाठी बनवलेले असतात. थंड दुधात वाचन जास्त येतं, म्हणून प्रत्येक अंशाला साधारण ०.२ वजा करायचं, गरम असेल तर मिळवायचं. फार थंड दुधात हा हिशोब भरवशाचा राहत नाही, नमुना वाटीभर बाजूला काढून खोलीच्या तापमानाला आल्यावर मोजा. दहा टक्के पाणी घातलं की वाचन तीन अंकांनी उतरतं. पण साय काढली की वाचन चढतं. थोडी साय काढून थोडं पाणी घालणाऱ्याला लॅक्टोमीटर पकडू शकत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा फॅट मोजून घ्या. गावच्या संकलन केंद्रात मशीनवर फॅट आणि एसएनएफची (फॅट सोडून दुधातल्या बाकी घन भागाची) चिठ्ठी निघते, ती शेतकऱ्याने दुधाबरोबर पाठवावी. गाईच्या दुधाचं कायद्यातलं किमान फॅट ३.२ टक्के आणि एसएनएफ ८.३ टक्के. संकरित गाईचं ३.५ ते ४ आलं तर ते ठीकठाक दूध आहे. पाच आलं तर म्हशीचं मिसळलंय का विचारा.

युरियासाठी चमचाभर दुधात अर्धा चमचा तुरीचं किंवा सोयाबीनचं पीठ घालून हलवा, पाच मिनिटं ठेवा, लाल लिटमस कागद बुडवा. निळा झाला तर युरिया. पिष्टासाठी (स्टार्चसाठी) दूध उकळून पूर्ण गार करा, मग आयोडीनचे दोन थेंब. गरम दुधात निळा रंग उमटतच नाही, आणि लोक ‘दूध शुद्ध आहे’ म्हणून मोकळे होतात. उतारावर थेंब सोडून पांढरी रेघ बघण्याची चाचणी मनोरंजनाची आहे.

रोजची सगळ्यात उपयोगी चाचणी मात्र स्वयंपाकघरातली: दोन चमचे दूध छोट्या वाटीत उकळा. फाटलं नाही तर पुढे जा. फाटलं तर तीन कारणं असू शकतात. चव-वास आंबूस असेल तर वाटेत गार राहिलं नाही. वास ताजा आहे आणि दूध किंचित पिवळं, घट्ट आहे, तर नुकत्याच व्यायलेल्या गाईचा चीक मिसळलाय. पहिले चार-पाच दिवस तो रतिबाच्या दुधात यायला नको. खरवसासाठी हवा असेल तर वेगळा मागा. आणि खारट लागतंय, कडेला बारीक कणी जमते, तर कासदाह. एकाच फाटलेल्या दुधावरून शेतकऱ्याशी तीन वेगळी संभाषणं करावी लागतात, म्हणून फेकण्याआधी चव घ्या. थुंकून टाका, पण घ्या. जंतूंची खरी मोजणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतूनच होते. सुरुवातीला दर महिन्याला, मग तीन महिन्यांनी एक नमुना पाठवा. मिथिलीन ब्लूची साधी चाचणीही ते करतात, त्यात दुधात हा निळा रंग घालतात आणि जंतू तो उडवतात: रंग पाच तास टिकला तर दूध फार चांगलं, अर्ध्या तासात उडाला तर वाईट.

दूध घरी आलं की अर्ध्या तासात गॅसवर. रुंद पातेलं, मध्यम आच, ढवळत राहा. दूध वर आलं म्हणजे उकळलं असं नाही. सायीचा पडदा वाफ अडवतो आणि फेस वर येतो, पण वरचा फेस दुधाइतका तापलेला असतोच असं नाही. आच कमी करून, ढवळत, दोन मिनिटं खरी उकळी राहू द्या. मग खरं चुकतं ते पुढे: झाकण ठेवून पातेलं सकाळभर ओट्यावर. उकळीत काही जंतूंचे बीजाणू मरत नाहीत, आणि कोमट दूध म्हणजे त्यांची पर्वणी. पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवा, पाणी एकदा बदला, अर्ध्या तासात फ्रिजमध्ये. फ्रिजच्या दारात नको, ती जागा सगळ्यात गरम. दोन दिवसांत संपवा आणि कालच्या उरलेल्या दुधात आजचं ओतू नका.

उकळलेल्या दुधाचा वास नको असेल तर मधला मार्ग आहे. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात दुधाचं पातेलं, झाकण, थर्मामीटर. दूध ६३ अंशांच्या खाली न जाऊ देता तीस मिनिटं धरा. मी ६५ धरायला सांगतो, कारण घरगुती थर्मामीटर एक-दोन अंश इकडे-तिकडे असतात. वेळ ६३ ला पोचल्यापासून मोजायची, गॅस लावल्यापासून नाही. मग झटपट गार. हेच पाश्चरायझेशन. चव जवळजवळ ताज्या दुधाची राहते.

आणि आता न तापवता पिण्याबद्दल. धारोष्ण दुधाची ओढ मला कळते, चव खरंच वेगळी असते. पण ब्रुसेला आणि टीबीचे जंतू गाईच्या अंगातूनच दुधात येतात. गोठा आरशासारखा असला, हात धुतलेले असले, तरी येतात. त्यांच्याशिवाय साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर, लिस्टेरिया शेणातून येतात, आणि लिस्टेरिया तर फ्रिजमध्येही वाढतो. लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस, मधुमेह किंवा किमो चाललेला माणूस घरात असेल तर यावर चर्चाच नको. एकट्या, धडधाकट प्रौढाने सगळं समजून स्वतःपुरता धोका पत्करायचा ठरवला तर तो त्याचा प्रश्न. चार वर्षांच्या मुलाच्या वतीने तो पत्करता येत नाही.

तापवल्याने काय जातं? थोडं ब-१, थोडं ब-१२, थोडं क. क जीवनसत्त्व दुधात मुळातच नगण्य. कॅल्शियम, प्रथिनं, स्निग्धांश जागच्या जागी. कच्च्या दुधात लॅक्टोज पचवणारं एन्झाइम असतं हे खरं नाही, दुधात ते नसतंच. युरोपात शेतावर वाढलेल्या मुलांच्या अभ्यासांत कच्चं दूध पिणाऱ्यांना दमा आणि ॲलर्जी कमी दिसली, हे खरं आहे. पण ती मुलं जन्मापासून गोठ्यात वावरलेली. बोरिवलीच्या सातव्या मजल्यावर फक्त दुधाचा भाग उचलून तो परिणाम मिळेल असं धरता येत नाही, आणि त्या संशोधकांनीही कच्चं दूध प्या असा सल्ला दिलेला नाही.

पूजेचं पंचामृत बऱ्याच घरांत निरशा दुधाचं करतात. आजवर पिशवीचं दूध वापरत असाल तर ते आधीच पाश्चराइज केलेलं होतं, म्हणून कधी काही झालं नाही. गोठ्याचं दूध सुरू केल्यावर तीर्थ म्हणून द्यायचं पंचामृत तापवून गार केलेल्या दुधाचं करा. दहीही तापवलेल्या दुधालाच लावा. विरजणाचा आंबटपणा ब्रुसेला मारेल या भरवशावर राहू नका. कच्च्या सायीचं लोणी मुलाच्या पोळीवर नको, कढवून तूप केलंत तर प्रश्न मिटला. दूध सुरू केल्यावर कुणाला आठवडेच्या आठवडे चढ-उतार होणारा ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी लागली, तर डॉक्टरांना गोठ्याच्या दुधाबद्दल आपणहून सांगा. ब्रुसेलोसिस टायफॉइड समजून बराच काळ निसटतो.

‘ए-टू’ दुधाचे (ज्यात बीटा-केसिन या प्रथिनाचा ए-टू प्रकारच असतो) जास्तीचे पैसे मागितले तर गाईचं वाण विचारा. होल्स्टीनचा संकर बांधून ‘देशी ए-टू’ सांगणारे आहेत. आणि म्हशीच्या दुधातलं बीटा-केसिन बहुधा ए-टूच असतं, त्यासाठी वेगळा भाव देण्यात अर्थ नाही. भाव ठरवताना डेअरी त्याला किती देते ते विचारा, त्यावर बर्फ, प्रवास आणि परत आलेल्या दुधाचं नुकसान धरा. दूध परत गेलं तर त्या दिवशीचे निम्मे पैसे तुम्ही द्यायचे, असा करार मी सुचवतो. पूर्ण नुकसान शेतकऱ्यावर टाकलं की तो कोमट दुधाच्या दिवशी खोटं तापमान सांगायला लागतो. उन्हाळ्यात दूध आटतं, तेव्हा वीसचं पंधरा लिटर येईल हे आधीच मान्य करा. ‘वीसच हवं’ असा हट्ट धरलात की वरचं पाच लिटर नळाचं येतं.

त्याच शेतकऱ्याकडून अंडी, तूप, भाजी मागवायची तर दुधाइतकी धास्ती नाही. फळं-भाज्या २०१६ पासून महाराष्ट्रात बाजार समितीच्या नियमनातून बाहेर आहेत, शेतकरी थेट तुम्हाला विकू शकतो. गावठी अंडी न धुता आणा, लागताना पुसा, आणि पिवळा बलक घट्ट होईपर्यंत शिजवा. मध एक वर्षाखालच्या बाळाला नाही, कितीही ओळखीच्या माणसाचा असो. पावसाच्या सुरुवातीला शेवळं ही रानभाजी आली तर काकडं (तिची खाज मारणारी आंबट रानफळं) बरोबर मागा, नाहीतर घसा खाजेल.

इतकं करूनही भेसळीची शंका आली आणि शेतकरी ऐकेना, तर कलम ४० खाली ग्राहकाला स्वतः नमुना अन्न विश्लेषकाकडे फी भरून तपासून घेता येतो. नमुना निकृष्ट निघाला तर फी परत मिळते. मात्र दूध घेतानाच ‘हे तपासायला देणार आहे’ असं विक्रेत्याला सांगावं लागतं, नंतर नाही. ते सांगताना शेजारची एक-दोन माणसं बरोबर ठेवा आणि नमुना बर्फात न्या. तपासणीला पोचेपर्यंत दूध आंबलं तर त्या अहवालाचा कुणालाच उपयोग नाही.